आठ माणसांत मावलेली दख्खन

सत्तावीस वर्षं मी महमूद गावान दोन वाक्यांत शिकवला. बहमनी राज्याचा कर्तबगार वजीर, बिदरला मदरसा बांधला; झालं, फळा पुसला. सोलापुरात मराठी शाळेत इतिहास शिकवायचा म्हणजे शिवजन्मापर्यंत लवकरात लवकर कसं पोचता येईल ते बघायचं. मुलांना तिथं जायची घाई असायची, आणि मलाही. त्याआधीची तीनशे वर्षं म्हणजे देवगिरी पडली, बहमनी आले, त्यांचे पाच तुकडे झाले, दुष्काळ पडला. त्या तीनशे वर्षांत इथं माणसं जगत होती, हे माझ्या तासाला बसून कुणाला जाणवलं असेल असं वाटत नाही.

ही रुखरुख ज्या पुस्तकानं लावली त्याच्याबद्दल लिहिते आहे. रिचर्ड ईटन यांचं 'अ सोशल हिस्टरी ऑफ द डेक्कन, १३००–१७६१: एट इंडियन लाइव्ह्ज'. ईटन अमेरिकेतल्या ॲरिझोना विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक. विजापूरच्या सूफींवर त्यांचं पुस्तक १९७८ साली आलं, म्हणजे आपल्या या टापूशी त्यांचा संबंध जुना. हे पुस्तक २००५ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या प्रकाशनानं भारताच्या इतिहासाच्या मालिकेत काढलं. मी निवृत्त झाले त्या वर्षी पुतण्यानं हैदराबादहून येताना ते आणलं. दोनशेहून थोडी जास्त पानं, बारीक टाइप, प्रत्येक पानाखाली तळटिपा. आठ दिवसांत संपेल असं मला वाटलं होतं. चार महिने लागले, आणि दोन फुलस्केप वह्या टिपणांनी भरल्या.

रचना साधी आहे. आठ प्रकरणं, आठ माणसं. वरंगळचा काकतीय राजा प्रतापरुद्र, गुलबर्ग्याचे सूफी गेसूदराज, महमूद गावान, विजयनगरचा रामराय, मलिक अंबर, तुकाराम, तेलंगणातला ताडी काढणाऱ्या जातीतला बंडखोर पापडू आणि महाराणी ताराबाई. राजा, फकीर, व्यापारी, गुलाम, कुणबी, दरोडेखोर, विधवा राणी. एकेकाचं चरित्र धरून ईटन त्या काळातला एकेक मोठा बदल उलगडत नेतात. यादी वाचताक्षणी मला एक गोष्ट खटकली आणि दुसरी फार आवडली. खटकली ती ही, की आठांत बाई एकच. आवडली ती ही, की आठांतली बहुतेक माणसं आजच्या एका राज्याच्या हद्दीत मावत नाहीत. आपण महाराष्ट्राचा, कर्नाटकाचा, तेलंगणाचा असे इतिहास वेगवेगळे कप्पे करून शिकवतो. सोलापूरकराला त्यातला खोटेपणा लवकर कळायला हवा होता. इथून गुलबर्गा रेल्वेनं दीड-दोन तासांवर. हैदराबाद रस्त्यानं निघालं तर नळदुर्ग, उमरगा आणि लगेच बसवकल्याण. आमचा भुईकोट किल्ला तर निजामशाही आणि आदिलशाही यांच्यात इतका ओढला गेला, की चांदबिबीच्या लग्नात तो विजापूरला हुंड्यात दिला गेला. असं गाव नेमकं कोणत्या राज्याच्या इतिहासात घालायचं?

माझ्यासारख्या वाचकाला सुरुवात करायची असेल तर गावानपासून करावी. इराणच्या कॅस्पियन समुद्राकाठच्या गिलानमधला हा माणूस १४५३ साली घोडे आणि माल घेऊन बिदरला आला, व्यापारी म्हणून. पुढं वजीर झाला. विशाळगड, म्हणजे तेव्हाचा खेळणा, त्यानं घेतला. १४७२ मध्ये गोवा घेतला. मी हे सगळं 'कर्तबगार' या एका शब्दात गुंडाळत होते. ईटन मात्र प्रश्न धरतात तो वेगळा: दरबारात हा परका होता की आपला? बहमनी दरबारात दोन तट होते. एक दख्खनी, म्हणजे उत्तरेतून येऊन इथं पिढ्या काढलेले. दुसरे आफाकी, म्हणजे इराण-अरबस्तानाकडून समुद्रमार्गे नव्यानं आलेले. दोन्ही मुसलमानच. पण त्यांच्यातलं वैर असं, की पंधराव्या शतकाच्या मध्याला कोकणच्या मोहिमेतून जीव वाचवून परतलेल्या आफाकींची दख्खनींनी चाकणच्या किल्ल्याशी कत्तल केली. चाकण! पुण्याला जाताना कितीदा ते नाव ऐकलंय, शाहिस्तेखान आणि फिरंगोजी नरसाळा यांच्यापलीकडं तिथं काही घडलं असेल हे डोक्यात आलं नव्हतं. कोण कुणाच्या बाजूनं हे ठरवायला धर्म पुरा पडत नाही, तू कधी आलास आणि कुठून आलास हेही विचारावं लागतं, ही गोष्ट या प्रकरणात इतकी स्वच्छ उभी राहते, की मी ते लागोपाठ दोनदा वाचलं.

गावाननं दोन्ही तटांना समान पदं देऊन तोल सांभाळायचा प्रयत्न केला. शेवटी त्याच्या शिक्क्याचा कोरा कागद मिळवून त्यावर ओडिशाच्या राजाला लिहिलेलं खोटं पत्र तयार झालं, आणि ५ एप्रिल १४८१ रोजी सुलतानानं सत्तरीतल्या आपल्या वजिराचं डोकं उडवलं. हे वाचून झाल्यावर मी आणि माझी बहीण बिदरला गेलो. मदरशाचा एकच मिनार उभा आहे. १६९६ च्या सुमाराला आत साठवलेल्या दारूचा स्फोट होऊन दर्शनी भागाचा मोठा तुकडा आणि दुसरा मिनार गेला. उरलेल्या भिंतीवर निळ्या-पिवळ्या फरशीकामाचे पट्टे अजून दिसतात. मी त्या मोडक्या कोपऱ्याशी बराच वेळ उभी होते. सत्तावीस तुकड्यांना मी ही इमारत न बघता 'बांधली' म्हणून सांगितलं होतं, त्याची खंत वाटली.

आता प्राध्यापकांनी लिहिलेल्या इतिहासाबद्दल. माझी पिढी ऐतिहासिक कादंबऱ्यांवर वाढली. डी.एड. करताना आम्ही इतिहास म्हणून ज्या गोष्टी एकमेकींना सांगायचो त्यातल्या निम्म्या कुणा लेखकाच्या मनातल्या होत्या, हे फार उशिरा समजलं. विद्यापीठातल्या माणसांची पुस्तकं कोरडी, परीक्षेपुरती, असा समज होता. त्याला एक अपवाद होता. पुणे विद्यापीठाच्या इतिहास विभागाचे अ. रा. कुलकर्णी यांचं 'शिवकालीन महाराष्ट्र'. त्यात गावगाडा, पाटील-कुलकर्णी, वतन, सारा हे सगळं कागदपत्रांवरून मांडलेलं आहे, आणि ते मी शिकवताना खूप वापरलं. पण त्यात रयत दिसते, एखादा माणूस चेहऱ्यानिशी दिसत नाही. ईटन चेहरा दाखवतात आणि कागदही दाखवतात. पुस्तकाची खरी किंमत मला इथं वाटते.

उदाहरण देते. १३२३ साली वरंगळ पडलं आणि प्रतापरुद्राला कैद करून दिल्लीला नेत होते. पुढं त्याचं काय झालं? तो वाटेत वारला, असं दिल्लीकडचा इतिहासकार लिहितो. १३३० चा एक तेलुगू मुलखातला ताम्रपट म्हणतो, नर्मदाकाठी वारला. शंभर वर्षांनंतरचा एक लेख म्हणतो, स्वतःच्या इच्छेनं गेला. आणि नंतरच्या कथांत तो दिल्लीहून सुटून परतसुद्धा येतो. कादंबरीकार यातलं सर्वांत हृदयद्रावक ते निवडेल. इतिहासाचा प्राध्यापक चारही समोर ठेवतो आणि विचारतो, हे कुणी, कधी, कशासाठी लिहिलं? मुलांना मी 'कारणे लिहा' असं सांगत आले. 'हे आपल्याला कसं माहीत?' असा प्रश्न एकदाही फळ्यावर लिहिला नाही. आज वर्ग मिळाला तर पहिला तास त्यावर घेईन.

मलिक अंबरचं प्रकरण पुस्तकातलं सर्वांत उत्तम. आमच्याकडं अंबर म्हणजे सारावसुलीची पद्धत आणि गनिमी कावा, दोन गुण. ईटन सुरुवात करतात इथिओपियातल्या एका मुलापासून. जन्म १५४८, नाव चापू. गुलाम म्हणून विकला गेला, लाल समुद्राच्या बाजारांतून बगदादला पोचला; तिथं एका मालकानं शिकवलं, अंबर हे नाव दिलं. मग दख्खनेत निजामशाहीचा पेशवा चंगीझखान यानं त्याला विकत घेतलं. हा पेशवा स्वतःही एकेकाळी हबशी गुलाम होता. (पेशवा हा शब्द पुण्याच्या कितीतरी आधी अहमदनगरच्या दरबारात नांदत होता, हेही मुलांना सांगायचं राहिलं.) दूरदेशचे गुलाम फौजेत का हवे होते, याचं ईटन यांचं उत्तर विचार करायला लावतं. ज्याला इथं कूळ नाही, गोत नाही, सोयरा नाही, त्याला फितवणार कोण? दख्खनी आणि आफाकी एकमेकांच्या उरावर बसलेले असताना असा माणूस सरदारांना हवाच होता. पण मालक मेला की हा माणूस मोकळा व्हायचा, भाड्यानं लढायचा, इथंच लग्न करायचा, आणि एक-दोन पिढ्यांत त्याची मुलं दख्खनी होऊन जायची. ज्या तुटलेपणामुळं त्याला आणलं तेच इथं टिकत नव्हतं. म्हणून ती पद्धतच हळूहळू विरली.

त्या चापूचा पुढं मलिक अंबर झाला. अहमदनगरचा किल्ला १६०० मध्ये मोगलांनी घेतल्यावर यानंच निजामशाहीचा वारस गादीवर बसवला, त्याला आपली मुलगी दिली, आणि पंचवीस वर्षं मोगलांना थोपवून धरलं. खडकी वसवली, जिचं पुढं औरंगाबाद झालं आणि आता छत्रपती संभाजीनगर. तिथली नहर त्याचीच. जहांगीर त्याच्यावर इतका चिडलेला, की अंबरच्या कापलेल्या मुंडक्यावर आपण बाण सोडतो आहोत असं चित्र त्यानं काढवून घेतलं. प्रत्यक्षात ते मुंडकं त्याला कधीच मिळालं नाही. अंबर १६२६ मध्ये म्हातारपणानं गेला, खुलदाबादला त्याची कबर आहे. भातवडीच्या लढाईत, १६२४ मध्ये, शहाजीराजे त्याच्या बाजूनं लढले आणि त्यांचे धाकटे भाऊ शरीफजी तिथं पडले. म्हणजे स्वराज्याच्या आदल्या पिढीनं लढाई कुणाजवळ राहून शिकली, ते इथं समजतं. शिवजन्माला पोचायच्या घाईत मी हेच वगळत होते.

रामरायाचं प्रकरण वाचेपर्यंत मी तालिकोटची लढाई, म्हणजे विजयनगर विरुद्ध दख्खनचे सुलतान, एका धर्माची दुसऱ्या धर्माशी झालेली लढाई म्हणूनच सांगत होते. रामरायानं तरुणपणी गोवळकोंड्याच्या कुली कुतुबशाहाची चाकरी केली होती. तिथून निघावं लागल्यावर तो कृष्णदेवरायाकडं गेला आणि त्याचा जावई झाला. पुढं मुलगा वारला तेव्हा विजापूरचा अली आदिलशाहा स्वतः सांत्वनाला विजयनगरला गेला, आणि रामरायाच्या बायकोनं त्याला मुलगा मानलं. तोच आदिलशाहा १५६५ मध्ये समोरच्या फौजेत होता. ईटन यांचं म्हणणं असं, की कपडे, पदव्या, दरबारी रीत, लष्करी डावपेच यांत हे सगळे एकाच फारसी वळणाच्या जगात वावरत होते, आणि त्या जगातल्या बढती-अपमानाच्या हिशेबांतून ही लढाई समजून घ्यावी लागते. कल्याणीच्या, म्हणजे आजच्या बसवकल्याणच्या, जुन्या चालुक्य राजधानीचं या सगळ्यांना असलेलं आकर्षण ते दाखवतात तो भाग वाचून मी बसवकल्याणचा किल्ला नव्यानं बघितला. कितीदा हैदराबादच्या बसमधून ती कमान मागं टाकली होती!

पापडूवर मी फार लिहीत नाही. सरवाई पापन्ना म्हणून तेलंगणात त्याची गाणी आहेत. १७०८ मध्ये त्यानं वरंगळ लुटलं, १७१० मध्ये मारला गेला. मोगल बखरकार त्याला निव्वळ लुटारू म्हणतो, लोकगीत वीर म्हणतं, ईटन दोन्ही शेजारी ठेवून वाचतात. प्रकरण वेगवान आहे, पण 'असे दरोडेखोर जगभर कसे असतात' या चर्चेत जरा जास्त पानं गेली असं मला वाटलं.

आता तुकोबा. माझे वडील माळकरी होते, आषाढीला आमच्या दारावरून दिंड्या जायच्या, त्यामुळं हे प्रकरण मी सर्वांत जास्त अपेक्षेनं उघडलं आणि इथंच अडखळले. ईटन यांचा मुद्दा मोलाचा आहे. विजापूर आणि अहमदनगरच्या सुलतानांनी गावपातळीचा महसूल आणि न्यायनिवाडा मराठीत चालू ठेवला. कागद, दफ्तर, महजर यांतून मराठी लिहिणं-वाचणं पसरलं. आणि ब्राह्मणेतर संतांचा आवाज इतका खणखणीत का उमटला याचं एक कारण त्यात आहे. 'कागद', 'दफ्तर', 'सनद', 'हवालदार', 'वकील' हे शब्द आपण आपलेच म्हणून वापरतो ते कुठून आले, हे माहीत असूनही या नजरेनं मी कधी पाहिलं नव्हतं. विठ्ठलाचं मूळ गुराख्या-धनगरांच्या दैवतात शोधण्याची चर्चाही ते नीट मांडतात. चरित्र मुख्यतः महिपतीच्या ग्रंथांवरून, म्हणजे शंभरेक वर्षांनंतरच्या, हे ते लपवत नाहीत.

पण तुकोबा स्वतः कुठं आहेत? दुष्काळात बायको गेली, दुकान बुडालं, आणि दिवाळं निघालं ते बरंच झालं असं देवाला सांगणारा माणूस इंग्रजी भाषांतराच्या चार ओळींत येतो आणि लगेच 'ब्राह्मणेतर चळवळ' पुढं सरकते. अंबरच्या बाबतीत माणूस आणि बदल हातात हात घालून चालतात. इथं माणूस मागं राहतो. कदाचित वारकऱ्याच्या घरात वाढलेल्या कुणालाही असंच वाटेल. मृत्यूचं साल त्यांनी १६४९ धरलं आहे; आपल्याकडं १६५० ही सांगतात. तो वाद इथं फार महत्त्वाचा नाही.

ताराबाईंच्या प्रकरणाबद्दल माझी तक्रार मोठी आहे, कारण ते अतिशय चांगलं आहे. राजाराम महाराज १७०० मध्ये सिंहगडावर गेले तेव्हा ही हंबीरराव मोहित्यांची लेक पंचविशीत होती. सात वर्षं तिनं औरंगजेबाशी युद्ध चालवलं, आणि शत्रुपक्षाच्या इतिहासकाराला, खाफीखानालाही तिचं कौतुक लिहावं लागलं. मग शाहू सुटून आले, बाळाजी विश्वनाथ पुढं आले, कोल्हापुरात सवतीनं कैदेत टाकलं, साताऱ्याला येऊन राहिल्या. पंचाहत्तरीत, १७५० मध्ये, ज्याला आपला नातू म्हणून गादीवर आणलं त्या रामराजाला साताऱ्याच्या किल्ल्यात कोंडून पेशव्यांना आव्हान दिलं. १७५२ मध्ये जेजुरीला खंडोबापुढं शपथ घेऊन सांगितलं, की ज्याला मी नातू म्हणून पुढं केलं तो माझा नातू नाही. पानिपतही पाहिलं, आणि १७६१ सालच्या डिसेंबरात गेल्या. एवढ्या आयुष्यावर ईटन पेशवाईचा उदय मांडतात: देशमुखांच्या तलवारीकडून सत्ता सावकारांच्या पतपुरवठ्याकडं आणि हिशेब ठेवणाऱ्या लेखणीकडं कशी गेली. हे मराठी वाचकानं शांतपणे वाचावं असं आहे, कारण दोषारोप कुणावरच नाही, पैशाचा माग आहे.

पण प्रकरणाच्या नावातच ब्राह्मणांचा राजकारणातला उदय आहे, आणि शेवटी ताराबाई त्या उदयाकडं बघायची खिडकी होऊन राहतात. एकुलती एक बाई, आणि तीही दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगण्यासाठी! शिवाजी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू आप्पासाहेब पवार, तेही इतिहासाचेच, यांनी 'ताराबाईकालीन कागदपत्रे' संपादित करून ठेवली आहेत. त्या पत्रांत हुकूम देणारी, विनवणारी, रागावणारी राणी आहे. तिचा आवाज या प्रकरणात अजून हवा होता. हे वाचून झाल्यावर ते खंड नक्की बघा.

गेसूदराजांचं प्रकरण शांत आहे, कुणाला संथ वाटेल. मला आवडलं. सात वर्षांचं पोर महंमद तुघलकाच्या फर्मानामुळं दिल्लीहून दौलताबादला येतं, परत जातं, आणि १३९८ मध्ये तैमूरची चाहूल लागताच, वयाच्या सत्तरीपलीकडं, पुन्हा दख्खनेची वाट धरतं. सुलतानाला सूफीचा आशीर्वाद का लागायचा, आणि तो नाकारला की काय व्हायचं, हे फिरोजशहा आणि त्याचा भाऊ अहमदशहा यांच्या भांडणातून उलगडतं. आमच्या गल्लीतून दरवर्षी बंदेनवाजच्या, म्हणजे याच गेसूदराजांच्या, उरुसाला माणसं जातात, त्यांत हिंदूही असतात. सहाशे वर्षांची ती वाट मला आता दिसते.

भाषेचं सांगायचं तर इंग्रजी जड नाही. मी मराठी माध्यमाची. पानाला चार-पाच शब्द शब्दकोशात बघावे लागले, तेवढंच. जड आहे ती नावांची गर्दी. वहीत वंशावळ आणि नकाशा काढून बसलात तर त्रास होणार नाही. पुस्तकातल्या नकाशांवर आपली छोटी गावं शोधू नका, वेगळा नकाशा जवळ ठेवा. तळटिपा वगळायचा मोह टाळा, निम्मी गंमत तिथं आहे. शिक्षकांनी आपल्या पैशानं घ्यावं असं हे पुस्तक आहे. शाळेच्या ग्रंथालयात आलं तर फारच छान.

माझी प्रत सध्या एका जुन्या विद्यार्थिनीकडं आहे, ती आता स्वतः शिक्षिका आहे. डिसेंबरात वरंगळला जायचं ठरतंय, त्याआधी ती परत मागवून घेणार आहे. प्रतापरुद्राच्या प्रकरणातला नायकांचा आणि तलावांचा भाग मी दोनदा अर्धवट सोडला होता. तो तिथल्या दगडी तोरणांपाशी बसून वाचायचा आहे.